बारा वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या उपचारांबाबत सल्ला हवा आहे

आसावरी, सातारा
आमचा मोती बारा वर्षांचा झाला असून त्याचे वजन ३८ किलो आहे. पावसाळ्यापासून सकाळी उठताना त्याला मागच्या पायांवर भार घेता येत नाही, फरशीवर तो घसरतो आणि अलीकडे पाणीही बरेच जास्त पितो. येथील डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मागच्या पायांच्या खुब्यांची झीज झाल्याचे सांगितले असून वेदनाशामक सुरू करण्याआधी रक्त तपासायला सांगितले आहे. औषध व आहार मिळून दरमहा ३,००० रुपये मला झेपतील. एवढ्यात कशाला प्राधान्य द्यावे?

प्रभुदेसाई, मुंबई
त्याला मुंबईला आणा. आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला पाण्यातील ट्रेडमिलवर चालवण्याचे उपचार दिले आणि जो जिना चढत नव्हता तो पुन्हा गच्चीपर्यंत जाऊ लागला. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय २०२४ पासून सुरू आहे, परळलाही जुनी सोय आहे. इतकी वर्षे ज्याने साथ दिली त्याच्यासाठी या वयात खर्चाचा विचार करू नये, असे माझे ठाम मत आहे.

अण्णा, कागल
आमच्या घरात कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हळद घातलेले दूध, भाकरी आणि वर साजूक तूप, एवढ्यावर आमची कुत्री पंधरा वर्षे जगली. फारच लंगडला तर आपल्याच घरातली दुखण्याची अर्धी गोळी द्यावी. आमच्या कुत्र्याला काहीही झाले नाही.

मीनल, डोंबिवली
अण्णा, आपल्या अनुभवाचा मान राखूनही हा सल्ला कोणी पाळू नये, असे मला स्पष्ट म्हणावे लागते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदीच आली.

अण्णा, कागल
ती बंदी गिधाडांमुळे आली, कुत्र्यांमुळे नव्हे. औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मरत होती.

मीनल, डोंबिवली
बंदीचे कारण आपण म्हणता तेच आहे, पण त्यामुळे ते औषध कुत्र्यासाठी सुरक्षित ठरत नाही.

सुहास, शिरवळ
आसावरीताई, सांध्यांइतकेच त्या वाढलेल्या तहानेकडे लक्ष द्या. सकाळी मोजून पाणी ठेवा आणि चोवीस तासांत किती संपले ते लिहा. दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे मोतीच्या बाबतीत ३.८ लिटरच्या वर गेले, तर कारण शोधावेच लागते. मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक, वाढलेले दिसते, त्यामुळे रक्ताबरोबर लघवीची घनता आणि तीतील प्रथिनेही तपासून घ्या, साखरही पाहा. कुत्र्यांसाठीचे कार्प्रोफेन हे वेदनाशामक चांगले असले तरी मूत्रपिंड दुखावलेले असताना तेही जपूनच वापरतात. दरम्यान वजन उतरवा, नखे कापा, पंजांच्या गाद्यांमधले केस कमी करा आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया अंथरा. यांतले बहुतेक फुकट आहे.

केतकी, नाशिक
वर म्हटल्याप्रमाणे पाणी मोजावे, रक्त तपासावे आणि चटया अंथराव्यात. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या पूरकाच्या महागड्या डब्यांवर मात्र पैसे घालवू नका. आम्ही वर्षभर दिले आणि काडीचा फरक पडला नाही.

प्रभुदेसाई, मुंबई
आम्हांला ग्लुकोसामाइनचा उत्तम गुण आला. कदाचित तुमचा ब्रँड चुकला असावा.

विनया, पुणे
मूत्रपिंडासाठीचे तयार खाद्यच द्या. आमचा बॉक्सर त्यावर दोन वर्षे छान राहिला. महिन्याला दहा हजारांच्या आसपास जातात, पण घरच्या अन्नात फॉस्फरस नेमका राखणे अवघड असते. शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हांला जवळ आहे, तेथे एकदा नक्की दाखवा.

आसावरी, सातारा
सर्वांचे आभार. पाणी चार लिटरच्या वर भरले. क्रिएटिनिन २.१ आले, लघवी पातळ आहे आणि तीत थोडी प्रथिने आहेत. साखर ठीक आहे. डॉक्टरांच्या मते मूत्रपिंडाचा आजार बहुधा दुसऱ्या टप्प्यात आहे, म्हणून कार्प्रोफेन तूर्त टाळून गॅबापेंटिन हे दुसरे वेदनाशामक सुरू केले आहे. मुंबई किंवा शिरवळला मी जाणार नाही, कारण गाडीत बसताच तो थरथर कापतो व ओकतो आणि येथील डॉक्टर त्याला पिल्लू असल्यापासून ओळखतात. तयार खाद्यही घेणार नाही. डॉक्टरांनी मोजमाप ठरवून दिलेला घरचा आहार देईन. तूप आणि दूध बंद केले आहे. चटया अंथरल्या आहेत.

विनया, पुणे
खाद्याबाबत पुन्हा विचार करा, अशी कळकळीची विनंती आहे.

सुहास, शिरवळ
गॅबापेंटिन कॅप्सूलमधूनच द्या. माणसांसाठीच्या त्याच्या काही द्रवरूप औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. सुरुवातीला मोती झिंगल्यासारखा चालला तर डॉक्टरांना कळवून मात्रा कमी करून घ्या, औषध स्वतःहून एकदम थांबवू नका. आणि पुढच्या तपासणीत त्याचा रक्तदाबही मोजायला सांगा.