रेन, टो, पीक आणि बाकीची मंडळी

प्रश्न : मुलाच्या निबंधात 'फ्री रेन' आलंय. स्पेलिंग आर-ई-आय-एन की मध्ये 'जी'? इथं नाशिकरोडला दोन शिक्षकांनी दोन उत्तरं दिली.

उत्तर : 'जी' नको. हा रेन घोड्याच्या लगामाचा. स्वारानं लगाम सैल सोडला की घोडा हवा तिकडे जातो. 'जी'वाला रेन म्हणजे राजाची कारकीर्द. तोही अर्थ ओढूनताणून बसतो, म्हणून चूक डोळ्यांत खुपत नाही. आपल्या 'मोकळं रान देणं'मध्ये ना घोडा, ना राजा! ऐकलेल्या शब्दाला आपल्यापुरता अर्थ लावून केलेल्या अशा चुकीला इंग्रजीत 'एगकॉर्न' म्हणतात. कुणीतरी 'एकॉर्न'ला, म्हणजे ओकच्या फळाला, तसं म्हणायचं. त्यावरून भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2003 मध्ये हे नाव सुचवलं.

'टो द लाइन' म्हटलं की नाशिककराला आधी नो-पार्किंगमधली दुचाकी उचलणारी गाडी आठवते. पण हा टो पायाच्या बोटांचा, टी-ओ-ई. रेघेला बोटं भिडवून उभं राहायचं, म्हणजे घालून दिलेली शिस्त पाळायची. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतली कवायत डोळ्यांसमोर आणा, 'डब्ल्यू' लिहायला हात धजणार नाही.

खरी गंमत 'जस्ट डिझर्ट्स'ची. उच्चार जेवणानंतरच्या गोडाचा, स्पेलिंग वाळवंटाचं, एकाच 'एस'चं. अर्थ मात्र दोन्हींचा नाही. 'डिझर्व्ह'च्या घराण्यातलं हे जुनं नाम आहे : ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे पदरात पडणारं फळ. 'करावं तसं भरावं' म्हणतो ना, तेच. या वाक्प्रचाराबाहेर ते आता क्वचितच भेटतं, त्यामुळे लोक सर्रास दोन 'एस' घालतात. (केकच्या दुकानाच्या पाटीवर दोन दिसले तर ती कोटी असते, तिथं लाल पेन काढू नये.)

इंटरेस्ट 'पीक' होतो, म्हणजे कुतूहल चाळवतं, तो पी-आय-क्यू-यू-ई. मूळ फ्रेंच, अर्थ टोचणं. डोंगराचं शिखर वेगळं, डोकावणं वेगळं, आणि निफाडच्या द्राक्षांचं पीक तर आपलंच. देवनागरीत चौघंही सारखेच दिसतात.

'बेटेड ब्रेथ'मध्ये, म्हणजे श्वास रोखून धरण्यात, 'आय' नाही. 'अबेट' म्हणजे कमी होणं, त्याचं डोकं उडवून 'बेट' उरलं. शेक्सपिअरचा शायलॉक 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये हेच शब्द वापरतो. 'आय'वाला बेट म्हणजे गळाला लावायचं आमिष. श्वासाला गांडूळ अडकवायचं असेल तर खुशाल 'आय' घाला.