मदत हवी आहे: चर्चच्या मंडळीतल्या तरुणाचा स्पॉन्सर होऊ का? (नाशिकरोड)

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. दारू सुटून बरीच वर्षं झाली. आधी व्यसनमुक्ती केंद्र, मग ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंगा आणि सध्या आमच्या मंडळीतल्या काही जणांचा आठवड्याचा गट. दारूतून बाहेर पडायच्या पायऱ्या त्याच बारा. ए.ए.मध्ये देव ज्याच्या त्याच्या समजुतीचा असतो, आम्ही सरळ येशूचं नाव घेतो, एवढाच फरक.

गटातल्या पंचविशीतल्या एका मुलाने विचारलंय, "काका, माझे स्पॉन्सर व्हाल का?" (स्पॉन्सर म्हणजे आधी दारू सोडलेला, नव्याला पायऱ्यांतून सोबत करणारा.) केंद्रातून नुकताच आलाय. नोकरी दिंडोरीकडच्या एका वायनरीत, बॉटलिंगला! घर त्याच्या पगारावर चालतं, त्यामुळे 'सोड' म्हणणं सोपं नाही. त्याची आई उपासना सुटली की मला बाजूला घेते, "भाऊ, काय म्हणतो हो तो?" पाळकसाहेब म्हणतात, मी आहे, प्रार्थना आहे, मग हे मधलं नातं कशाला? त्यात आमच्याकडे प्रभुभोजनाला (उपासनेतला भाकर-द्राक्षारस घ्यायचा विधी) खरा द्राक्षारस, म्हणजे वाईनच असते. मी स्वतः फक्त भाकर घेतो. त्याला काय सांगू?

माझा स्पॉन्सर मुलाकडे राहायला गेलाय, आता फोनवरच भेट. अशात दुसऱ्याची जबाबदारी घ्यावी का? आणि तो पुन्हा प्यायला तर?

फक्त_आज

घ्या. पण आधी तुमचा स्पॉन्सर पक्का करा. फोनवरचा चालेल, मात्र नियमित बोलणारा हवा. ज्याच्या डोक्यावर कोणी नाही अशा स्पॉन्सरला मी घाबरतो.

1935 ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो. बिल विल्सन, ए.ए.चा एक संस्थापक, धंद्याच्या कामाने अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फिसकटलं, हॉटेलात बार समोरच. तेव्हा त्याने चर्चच्या यादीतून फोन लावले, ते बोलायला दुसरा कोणी दारुडा मिळावा म्हणून. आपण पिऊ नये हा त्यातला स्वार्थ. असे डॉ. बॉब, ए.ए.चे दुसरे संस्थापक, भेटले. आणि भेटल्यानंतरही बॉब एकदा प्यायलेच! त्यांचा शेवटचा पेला 10 जूनचा धरतात, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस. तेव्हा पोरगा घसरला तर तुम्ही नापास झालात असं नाही. तुम्ही प्यायला नाहीत आणि त्याच्यासाठी दार बंद केलं नाहीत, तर तुमचं काम झालं.

पाळकसाहेबांना गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय दाखवा. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय, पाचव्यात प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा. स्पॉन्सर या दोन वचनांच्या मधे उभा असतो. पाळक हवेतच, पण त्यांच्यापुढे माणूस इस्त्रीचे कपडे घातल्यासारखा बोलतो. क्वार्टर कुठे लपवतात हे ज्याने लपवलीय त्यालाच विचारावं.

पहिल्या भेटीतच बोलून घ्या: फोन कधी करायचा, पैसे उसने मिळणार नाहीत, पिऊन फोन केला तर 'उद्या बोलू'. सुरुवातीला 'तात्पुरता स्पॉन्सर' म्हणूनच राहा, दोघांनाही मोकळीक राहते. चौथी पायरी, म्हणजे आपल्या चुकांचा हिशेब, त्याने स्वतः लिहायची, तुम्ही शुद्धलेखन तपासायचं नाही :)

गंगापूररोडची_ताई

आईबद्दल. त्याचं काहीही तिला सांगू नका, 'बरा आहे' एवढंसुद्धा नको. एक दिवस 'बरा आहे' म्हणाला नाहीत की तिची झोप उडेल. तिला अल-अ‍ॅनॉनला पाठवा, घरच्यांसाठीच आहे ते. माझ्या नवऱ्याच्या स्पॉन्सरने मला हेच ऐकवलं होतं. तेव्हा फार राग आला होता.

उद्या गटात कोणी बाई आली तर तिच्यासाठी बाईच स्पॉन्सर शोधा, हेही आत्ताच ठरवा.

तिखट_मिसळ

वायनरीत कामाला आणि दारू सोडायची? देव तरी काय करणार!

वॉर्डातली_सिस्टर

तिखट_मिसळ, बॉटलिंगवाले सगळेच पीत नाहीत.

नाशिकरोडकर, त्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारायला लावा. डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास होतो अशी, दारू सोडवायची गोळी) असेल तर प्रभुभोजनाच्या घोटानेही चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असं होऊ शकतं. मग हा केवळ श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे नुसती भाकर घेतली तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच मानतात. तुमच्या पाळकांशी त्यानेच आधी बोलावं, म्हणजे रांगेत ओशाळं व्हायला नको.

'प्रार्थनेने बरा झालास, आता गोळ्या बंद कर' असं स्पॉन्सरने चुकूनही म्हणू नये. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरातच एकदम दारू तोडायला लावू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, गटाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

नाशिकरोडकर

सर्वांचे आभार. गोळ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईशी उद्याच बोलतो, कठीण जाणार आहे, नात्यातल्या आहेत. पाळकसाहेबांकडे त्यालाच पाठवतो, मी दाराबाहेर थांबेन. वायनरीचं मात्र अजून सुचत नाही.

फक्त_आज

नोकरी सोड किंवा धर, दोन्ही तुम्ही म्हणू नका. पाळी संपल्यावर गेटवरून तुम्हाला फोन करायचा, एवढं ठरवा. डिस्पॅच किंवा लेबलिंगला बदली मिळते का हे तो विचारू शकतो. द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत विचारलेलं बरं, नंतर कोणाला ऐकायला वेळ नसतो.