गार्लिक मस्टर्ड: आधी उपटावी की आधी मोजावी?

मेपलछाया:
मी मॅसॅच्युसेट्समध्ये वनपरिस्थितिकी शिकते आणि सलग दुसऱ्या उन्हाळ्यात विद्यार्थी-संशोधक म्हणून तिथल्या पानगळीच्या जंगलात काम करते आहे. आमचा विषय आहे गार्लिक मस्टर्ड: मोहरीच्या कुळातली, पाने चुरगळली की लसणासारखा वास येणारी युरोपीय वनस्पती, जिची उत्तर अमेरिकेतली पहिली नोंद १८६८ साली लाँग आयलंडवर झाली. मेपल आणि ॲशची रोपे मुळांवरच्या ज्या बुरशीच्या आधाराने वाढतात, ती बुरशी ही वनस्पती आपल्या रसायनांनी मारते, हे क्रिस्टिना स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले. तेव्हापासून ‘दिसेल तिथे उपटा’ हा जणू नियमच झाला. परंतु गार्लिक मस्टर्डची एखाद्या जागेवरची वसाहत जसजशी जुनी होते, तसतसे तिच्या झाडांमधले हे विषारी द्रव्य घटत जाते, असे २००९ साली रिचर्ड लँकाऊ यांच्या गटाला आढळले. आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या बर्न्ड ब्लॉसी यांच्या गटाने दीर्घकाळ केलेल्या मोजणीत (२०२१) जुन्या वसाहती कोणी न उपटताही ओसरताना दिसल्या. म्हणून आमच्या गटाने यंदा आखलेल्या चौरसांत एकही रोप न उपटता केवळ मोजणी करावी, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

रानवाट:
मी गेली आठ वर्षे दर मे महिन्यात स्वयंसेवकांबरोबर ही झाडे उपटतो, त्यामुळे माझा विरोध स्पष्टपणे नोंदवतो. ट्रिलियम या तिथल्या स्थानिक रानफुलाला बीपासून पहिले फूल यायला सात-आठ वर्षे सहज लागतात. आपण दहा वर्षे मोजत राहिलात आणि शेवटी गार्लिक मस्टर्ड ओसरली, तरी तोवर त्या जागी ट्रिलियम उरले असेल याची हमी कोण देणार? दुसरे उदाहरण ‘वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट’ या फुलपाखराचे आहे. त्याच्या अळ्या टूथवर्ट या स्थानिक वनस्पतीवर वाढतात. मादी मात्र फसून गार्लिक मस्टर्डवर अंडी घालते आणि तिथे बाहेर पडलेल्या अळ्या मरतात. हे नुकसान याच वसंतात होते, त्याला वसाहत म्हातारी होईपर्यंत थांबता येत नाही.

मेपलछाया:
फुलपाखराचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. तरीही उपटण्याने नेमके काय साधते, हे तपासण्याची आपली पद्धत सदोष आहे. ही वनस्पती द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका, दुसऱ्या वसंतात फुले, बी आणि मृत्यू. अनेक ठिकाणी एक वर्ष फुललेल्या झाडांचे, तर पुढचे झुबक्यांचे असा पाळीपाळीने क्रम चालतो. त्यामुळे एका उन्हाळ्याचा प्रकल्प करणारा विद्यार्थी यंदाच्या फुललेल्या गर्दीची तुलना पुढच्या वर्षाच्या विरळ फुलोऱ्याशी करतो, आणि जी घट आपोआपच होणार होती तिचे श्रेय उपटणाऱ्या हातांना देतो. गेल्या वर्षी माझ्याही वहीत हीच चूक होती, ती मार्गदर्शकांनी दाखवून दिली. शेजारी न उपटलेला चौरस नसेल, तर हा फरक कळणारच नाही. शिवाय बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि उपटताना माती उकरली जाते, बुटांना बी चिकटून पुढे जाते ते वेगळेच.

हरिणखुणा:
आपण दोघेही रोपाकडे पाहत आहात, हरणाकडे नाही. हरणे ट्रिलियम आवडीने खातात आणि गार्लिक मस्टर्डला तोंड लावत नाहीत. पिट्सबर्गजवळच्या ट्रिलियम ट्रेल येथे सुझन कॅलिश आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कुंपणाच्या आतील आणि बाहेरील चौरस मोजले. हरणांना बाहेर ठेवल्यावर स्थानिक वनस्पती सावरल्या आणि गार्लिक मस्टर्डची वाढ उलटी फिरली (२०१४). त्यात गांडुळांची भर घाला. हिमयुगातील बर्फाच्या थराखाली गेलेल्या या प्रदेशात स्थानिक गांडुळे उरली नव्हती; युरोपातून आलेली गांडुळे आता पानांचा तो जाड थर खाऊन टाकतात, ज्यात स्थानिक बी रुजते. विद्यार्थ्यांनी पैसा आणि श्रम कुंपणावर खर्चावेत.

सह्यपठार:
पुण्याहून एक सावधगिरीची सूचना. ‘वेळ जाऊ द्या, ओसरेल’ हा निष्कर्ष येथे उचलून आणू नये. घाणेरी १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि दोनशे वर्षांनंतरही ती आपल्या जंगलांतून मागे हटलेली नाही.

रानवाट:
हरणांचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र कुंपण सगळ्या जंगलाला घालता येत नाही. जुन्या, दाट वसाहतीत उपटणे निष्फळ ठरते, हेही मी अनुभवाने मान्य करतो. पण ओढ्याकाठी पहिल्यांदाच दिसलेली वीस-पंचवीस झाडे बी पडण्यापूर्वी मुळासकट काढून पिशवीत भरली, तर तिथे पुढचा प्रश्नच उरत नाही. अशा ठिकाणी हात बांधून मोजत बसणे मला पटत नाही.

मेपलछाया:
हे मी गटापुढे मांडते: नव्या, विरळ जागा उपटाव्यात, जुन्या जागांतील निम्मे चौरस तसेच ठेवून किमान चार वसंत मोजावेत, आणि नोंदी पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवाव्यात. टूथवर्ट असलेल्या आमच्या तीन चौरसांचाही यात समावेश असावा, असे मला वाटते.

रानवाट:
त्या तीन चौरसांना माझी संमती नाही. मोजणीसाठी दुसरी जागा निवडा.