मदत हवी आहे: लकव्याच्या व्यायामाचा गेम
नमस्कार मंडळी, आमच्या आण्णांचा डावा हात लकव्यानंतर खांद्याच्या वर जाईना अन् तेच ते व्यायाम करून ते लई कंटाळलेत, म्हणून मी लातूरला घरीच एक गेम बनवायलोय, हात उचलला की स्क्रीनवरचा आंबा तुटतो, त्यासाठी मात्र ते आपणहून बसतात. २०१० ला आलेल्या किनेक्टवर (मायक्रोसॉफ्टचा अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा) असलं संशोधन बरंच झालंय पण तो कॅमेरा आता बंद झालाय, म्हणून साध्या कॅमेऱ्यावर मीडियापाइप (कॅमेऱ्यातून शरीराची हालचाल ओळखणारं गुगलचं सॉफ्टवेअर) घेतलं, शरीराचे ३३ पॉइंट पकडतंय. अडचण अशी की हात उचलायच्या ऐवजी आण्णा खांदा वर ओढून अंग उजवीकडं झुकवतात, तरी गेम मार्क देतो, अशानं चुकीचीच सवय लागंल. खांदा-कंबरेच्या पॉइंटवरून हे झुकणं कसं पकडावं, किती अंशाला गेम थांबवावा? ग्रुपात कुणी फिजिओथेरपिस्ट असतील तर प्लीज सांगा.