काळ्या पट्ट्याचा श्रिंक स्लीव्ह: पेटंट द्यावं की नाही?

स्लीव्हलाइन (धागाकर्ता):
निमुळत्या बाटलीवर चढवलेला श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आकसून बसणारं प्लास्टिकचं नळीसारखं लेबल, टनेलमध्ये (बाटल्या जिथून तापत जातात त्या बोगद्यात) आकसताना वर सरकतो. लाइन चालवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. चर्चेपुरता एक काल्पनिक पेटंट-दावा घेऊ. स्लीव्हच्या खालच्या कडेला कार्बन ब्लॅक शाईचा पट्टा छापायचा. टनेलमध्ये आधी इन्फ्रारेड दिवे, मग वाफ. काळा पट्टा उष्णता पटकन शोषतो, म्हणून तेवढाच भाग आधी आकसून बाटलीला धरतो. बाकीची पारदर्शक फिल्म नंतर वाफेत बसते.

स्लीव्ह जुना, दिवे जुने, काळा रंग तापतो हे तर शाळेतलं ज्ञान. तरी माझ्या मते याला पेटंट मिळायला हवं. आपल्या १९७० च्या कायद्यातलं कलम २(१)(जेए) तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागतं, आणि त्यामुळे शोध त्या विषयातल्या जाणकाराला उघड वाटू नये असं म्हणतं. प्रत्येक तुकडा नवा हवा, असं ते कुठेच म्हणत नाही.

मशीनशॉप:
अजिबात पटत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. भांडी लेथवर धरण्याच्या सुधारित पद्धतीचं पेटंट होतं. कारखान्यात सहज सुचणाऱ्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी हवं, असं म्हणत न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. तुमचा पट्टाही तसाच. शिवाय इन्फ्रारेड टनेलमध्ये गडद छपाईचा भाग आधी आकसतो हे ऑपरेटरला माहीत असतं. त्यात नवं काय?

स्लीव्हलाइन:
माहीत असतं, पण दोष म्हणून! गडद भाग आधी ओढला जातो, चित्र वाकडं होतं, आणि त्यासाठीच लोक वाफेकडे वळतात, कारण वाफ बाटलीभोवती सारखी पसरते. सगळा धंदा ज्यापासून लांब पळतोय तेच मुद्दाम वापरायचं, हे सहज सुचणारं नाही. युरोपियन पेटंट ऑफिसची कसोटी इथे मला फार योग्य वाटते: जाणकार असं करू शकला असता का, एवढं पुरत नाही, त्याने ते खरोखर केलं असतं का, हे दाखवावं लागतं.

जुनी_फाइल:
पॅकेजिंगचाच एक अमेरिकन खटला यात आणतो. कॅल्मर विरुद्ध कुक केमिकल, १९६६, शोध उघड आहे का हे ठरवणाऱ्या ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर या गाजलेल्या खटल्याच्या सोबतीनेच निकाली निघालेला. कीटकनाशकाच्या बाटलीला स्प्रे पंप आधीच बसवून पाठवला तर वाटेत गळती व्हायची. स्कॉगिन या शोधकाने पंपाचा दांडा दाबून धरणारं, आतल्या कडेने घट्ट बसणारं टोपण केलं. माल खपला, गरजही बरीच जुनी होती. तरी पेटंट गेलं. कारण लिव्हिंगस्टोन नावाच्या दुसऱ्या शोधकाच्या पेटंटमध्ये तसं सील आधीच होतं, तेही द्रव ओतायच्या तोटीसाठी! तोटी वेगळी, पंप वेगळा, हा बचाव न्यायालयाने मानला नाही; दोन्हीकडे प्रश्न टोपण घट्ट बसवण्याचाच. ते जुनं पेटंट कोणी शोधून वाचलं नव्हतं याचाही उपयोग झाला नाही.

तेव्हा स्लीव्हलाइन, ‘आमच्या धंद्यात कोणी केलं नाही’ एवढ्यावर विसंबू नका. केबलवरची आकसणारी नळी हाही शेजारचाच विषय आहे. तिथे रंगाने आकसण्याचा क्रम ठरवल्याचा कागद सापडला तर संपलं.

आसावरी_क:
हा खटला मला उलट बाजूने बोलका वाटतो. तिथे लिव्हिंगस्टोनचा कागद हातात होता. इथे मशीनशॉप यांनी अजून एकही कागद दाखवलेला नाही, फक्त ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणताहेत. उत्तर समोर आल्यावर ते सोपंच दिसतं, आणि नेमक्या याच मोहातून शोधकावर अन्याय होतो. जुन्या वस्तूंची नुसती मांडणी हा शोध नाही असं सांगणारं कलम ३(एफ) लावायचं तर जुन्या वस्तू एकमेकींपासून स्वतंत्र, आपापलं नेहमीचं काम करत असायला हव्यात. इथे दिव्याशिवाय पट्टा निव्वळ छपाई आहे आणि पट्ट्याशिवाय दिवा जागा निवडू शकत नाही. क्रम दोघांच्या मेळातून येतो.

मशीनशॉप:
३(एफ) चा मुद्दा मान्य. पण ३(डी) विसरलात. माहीत असलेली प्रक्रिया नुसती वापरणं हा शोध नाही. गरम करून आकसवणं ही जुनीच प्रक्रिया. आणि असा दावा मंजूर झाला तर उद्या काळ्या लेबलचा साधा स्लीव्ह बनवणारा लघुउद्योजकही नोटिशीच्या भीतीने थांबेल. याची मला खरी काळजी वाटते.

स्लीव्हलाइन:
त्याच कलमात ‘नवीन उत्पादन निघत नसेल तर’ अशी अट आहे. एकाच स्लीव्हचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी आकसावेत म्हणून खास छापलेली फिल्म मी नवीन उत्पादन धरतो. लघुउद्योजकाचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि त्यावर उपाय दावा अरुंद करण्यात आहे: पट्टा फक्त खालच्या कडेला, वाफेआधी इन्फ्रारेड, वरचा भाग पारदर्शक. तिन्ही अटी एकत्र असतील तरच उल्लंघन. काळं लेबल छापणारा यात येतच नाही. स्कॉगिननेही पेटंट ऑफिसमध्ये दावे अरुंद केले होते, आणि सोडलेली जागा त्याला नंतर कोर्टात परत मागता आली नाही. अरुंद केलं की ते कायमचं, हे मला मान्य आहे.

जुनी_फाइल:
या तीन अटी असतील तर माझा विरोध निम्मा ओसरला. उरलेला निम्मा शेजारच्या क्षेत्रातली जुनी पेटंट चाळल्यावरच ठरेल.