संगीताची पदवी आणि कर्जाचा हप्ता : आपले अनुभव लिहा

बारावीनंतर संगीतच शिकायचे, असे मुलाने किंवा मुलीने ठरवले की घरात पैशांचा विषय निघतो आणि पुष्कळदा तो ‘होईल काहीतरी’ एवढ्यावरच मिटतो. ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे, त्यांनी येथे आकड्यांसह लिहावे, ही विनंती. एकूण खर्च सांगाच; परंतु पदवीनंतर दरमहा किती फेडावे लागले आणि त्या काळात रियाजाला किती वेळ उरला, हे आवर्जून सांगावे. कलाकार घडतो तो त्याच कमी मिळकतीच्या वर्षांत, आणि कर्ज सर्वांत आधी तीच वर्षे खाते, असे माझे मत आहे.

न्यू जर्सी, व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीची आई

डिसेंबरात ध्वनिमुद्रणे पाठवली, जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन झाल्या आणि मार्चअखेरीस दोन होकार हाती आले : एक नामांकित खासगी संगीत महाविद्यालय आणि दुसरी आमच्याच राज्यातील सरकारी विद्यापीठाची संगीतशाखा. खासगी संस्थेने वर्षाला २५ हजार डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केल्यामुळे सगळे हरखून गेले होते. पत्र बारकाईने वाचल्यावर लक्षात आले की शिष्यवृत्तीचा आकडा चारही वर्षे तोच राहणार होता आणि शुल्क मात्र दरवर्षी वाढणार होते, म्हणजे वाढीचा सगळा भार आमच्यावरच येणार होता.

अमेरिकेचे केंद्र सरकार पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५००, असे चार वर्षांत जास्तीत जास्त २७ हजार डॉलर कर्ज देते. सहा टक्के व्याज धरले तर त्याचा हप्ता दहा वर्षे दरमहा सुमारे ३०० डॉलर येतो. शिकवण्या घेऊन आणि समारंभांत वाजवून तेवढे तिला झेपेल, असा आमचा हिशेब होता. त्यापलीकडचे सगळे कर्ज आमच्या नावावर किंवा खासगी बँकेचे असणार होते, म्हणून आम्ही तिथेच रेघ ओढली. प्रवेश निश्चित करण्याच्या १ मेच्या मुदतीपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती वाढवून मागणारे पत्र पाठवले. थोडी वाढ मिळाली, परंतु तेवढ्याने भागणारे नव्हते.

त्यानंतर ती दोन्हीकडच्या शिक्षकांकडे एकेक तास शिकून आली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच ठरले. आठवड्यातून एकदा शिक्षकासमोर एकट्याने बसण्याचा तो तास हाच या पदवीचा गाभा असतो. सरकारी विद्यापीठातील बाईंनी पहिल्या काही मिनिटांतच तिच्या उजव्या हाताच्या करंगळीचा ताठरपणा हेरला आणि उरलेला तास रिकाम्या तारेवर संथ गज ओढायला लावून तेवढीच एक गोष्ट घोटून घेतली. घरी येताना निर्णय तिनेच सांगितला.

फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतसंस्थेत १९२८ पासून शिक्षणशुल्कच घेत नाहीत, हे खरे आहे. परंतु तेथे मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असल्यामुळे त्या भरवशावर घराचे अंदाजपत्रक मांडता येत नाही.

पुणे, जॅझ पियानोवादक, शिक्षण बोस्टन येथे

परदेशी विद्यार्थ्याला वरील सरकारी कर्ज मिळत नाही. आम्ही येथील बँकेकडून ४० लाखांचे कर्ज घेतले. रक्कम साडेसात लाखांच्या वर असल्यामुळे राहता फ्लॅट तारण ठेवावा लागला आणि वडील सहकर्जदार झाले. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढतच असते. साडेदहा टक्के दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने केवळ मुद्दल धरले तरी हप्ता सुमारे ५४ हजार रुपये होतो. कर्ज रुपयांत आणि शुल्क डॉलरमध्ये असल्यामुळे रुपया घसरला की पुढच्या सत्राला मंजूर रक्कम अपुरी पडते, याचा आगाऊ विचार कोणीही सुचवला नव्हता.

दुसरी गोष्ट व्हिसाची. पदवीनंतर अमेरिकेत काम करायला बारा महिने मिळतात. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ वादनाच्या पदवीला मिळत नाही. साहजिकच डॉलरमध्ये कमावून कर्ज फेडू, या गृहीतकाला फारसा आधार उरत नाही. मी आता पुण्यात शिकवतो आणि ध्वनिमुद्रणाची कामे घेतो. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, तिचा थोडा आधार आहे. मला मिळालेले शिक्षण उत्तमच होते, आणि तरीही सकाळचे जे तास मी स्वतःच्या वादनाला दिले असते, ते हप्त्यासाठी शिकवण्यांत जातात.

मडगाव, गिटारवादकाचे वडील

आम्ही जर्मनीचा मार्ग धरला. तेथील बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी भरावी लागते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागले आणि त्यातून त्याला महिन्याला ९९२ युरो काढता येतात. जर्मन भाषा आणि वादनाइतकीच कस पाहणारी संगीतशास्त्राची व स्वरज्ञानाची परीक्षा, ही खरी किंमत आहे. कर्ज काढावे लागले नाही.

पुणे, गायिका

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकले. शुल्क घरच्यांना सहज परवडणारे होते, त्यामुळे पदवीनंतर पहिल्या दिवसापासून कोणाचे देणे डोक्यावर नव्हते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते. तिच्यासाठी अर्ज जरूर करावा. गुरूंकडे रोज बसता आले, ते या मोकळेपणामुळेच.

इलिनॉय, शाळेतील संगीतशिक्षक

वर बहुतेकांनी वादनाच्या पदवीबद्दल लिहिले आहे. मी संगीतशिक्षणाची पदवी घेतली आणि तिच्याबरोबर सरकारी शाळेत शिकवण्याचा परवाना मिळवला. माझे सगळे कर्ज केंद्र सरकारचे आहे. सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ काम करताना पात्र ठरणारे १२० मासिक हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ होते. खासगी बँकेच्या कर्जाला ही सवलत नाही, म्हणून कर्ज कोणाकडून घेता, याला कर्ज किती घेता याइतकेच महत्त्व द्यावे. शिवाय १ जुलै २०२६ पासून पालकांच्या नावावरील नव्या सरकारी कर्जावर वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा आली आहे, त्यामुळे मोठी भावंडे शिकली तेव्हाचा हिशेब धाकट्यांना लावू नये.