थ्रीसम, ऑर्जी, स्विंगिंग: मराठीत काय म्हणायचं?

मालवणात खलाशांसाठी एचआयव्ही तपासणीचं शिबिर असतं तेव्हा मी समुपदेशनाला बसते, आणि तिथे ‘सामूहिक’ म्हटलं की समोरचा दचकतो, "पेपरात येता ता काय?" म्हणून विचारतो. त्याचं काय चुकलं, हा शब्द आपण बलात्काराच्या बातमीतच वाचत आलोय. भारतीय न्याय संहितेतल्या कलम 70 चा गुन्हा, म्हणजे सामूहिक बलात्कार, आणि सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेली गोष्ट, दोन्हींना एकच विशेषण नकोच, म्हणून ‘सामूहिक संभोग’ मला अजिबात पटत नाही. लिहिताना ‘समूहसंभोग’ चालेल, बोलताना सरळ ग्रुप सेक्स म्हणा, सगळ्यांना कळतं.

पण त्यातही प्रकार आहेत. थ्रीसम म्हणजे तिघं, मग बाया किती नि पुरुष किती ते कसंही असो. ऑर्जीत बरेच जण, आकडा ठरलेला नाही. हा शब्द मूळ ग्रीक ऑर्गियावरून आलाय, म्हणजे डायोनायसससारख्या देवांचे गुप्त विधी, संभोगाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. स्विंगिंगमध्ये जोडपी आपसांत ठरवून जोडीदार बदलतात, आणि ते वेगवेगळ्या खोल्यांतही होतं, त्यामुळे दरवेळी त्याला ग्रुप म्हणता येत नाही. पॉलीअमरी यात घुसडूच नका प्लीज, ते त्यातल्या सगळ्यांना माहीत असलेलं, एकाच वेळी अनेकांशी असलेलं प्रेमाचं नातं आहे, तिथे सगळे एकत्र झोपतात असं काही नसतं.

संस्कृत शब्द हवेत म्हणणाऱ्यांसाठी: कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात एक पुरुष नि दोन स्त्रिया असतील तर ‘संघाटक’, अनेक स्त्रिया असतील तर ‘गोयूथिक’. गोयूथ म्हणजे गाईंचा कळप! हा शब्द मी तरी कुठल्या बाईसमोर काढणार नाही. संघाटक ऐकायला बरा आहे पण दोन पुरुष नि एक बाई किंवा तिघंही पुरुष त्यात बसत नाहीत, म्हणून थ्रीसमला तो प्रतिशब्द म्हणून चालवू नये, ‘त्रिकूट’ पण नको, ‘तिघांचा संभोग’ लिहिलं तरी पुरे.

आणि ‘बायकांची अदलाबदल’ हे तर बंदच करा, बाई काय भांडं आहे शेजारी द्यायला? ती पण ठरवते ना! ‘जोडीदार-बदल’ लिहा.

शिबिरात मी प्रकाराचं नाव विचारतच नाही, एका वेळी किती जण होते आणि प्रत्येक जोडीदारागणिक निरोध बदलला का, एवढंच विचारते.